फोंड्यातलं लहान मुलांचं क्लिनिक आणि सुजलेल्या पापण्यांचे ते पाच दिवस

आधीच सांगते, क्लिनिकचं नाव आणि डॉक्टरांचं नाव इथे घालत नाहीये. मी मॅडमना विचारलं होतं लिहू का म्हणून, तर त्या म्हणाल्या आजाराबद्दल लिही, आयांना उपयोग होईल, माझं नाव नको. मार्केटपासून चालत जाण्यासारखं आहे, पहिला मजला, खाली झेरॉक्सवाला, फोंड्यातल्या लोकांना एवढ्यावरून कळेलच. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते शेवटी सांगते, पण चवथीनंतरच्या त्या पाच दिवसांत या बाईंनी आम्हाला ज्या पद्धतीने सांभाळलं ते सविस्तर लिहायचंच होतं, कारण लहान मुलाच्या पापण्या सुजल्या की आई-बापाचं काय होतं ते मला आता चांगलंच माहीत आहे.

आमची बाय चौदा महिन्यांची. पाच दिवसांचा गणपती, घर पाहुण्यांनी भरलेलं, माटोळी, आरत्या, प्रत्येकजण हिला उचलून घेतोय, गालाचे पापे घेतोय. विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंग तापलं. एकदम १०३. मला वाटलं दगदग झाली, झोप नाही झाली, उतरेल. औषध दिलं की तासभर उतरायचा आणि परत चढायचा, रात्री १०४ ला टेकला. सर्दी नाही, खोकला नाही, जुलाब थोडे पातळ, बस. आणि गंमत नाही करत, ताप उतरला की ही खेळायची, हसायची, डब्यांची झाकणं वाजवायची, म्हणजे १०४ तापाचं मूल वाटायचंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला म्हणून उठले, लाइट लावला आणि हिच्या तोंडाकडे बघून माझे पाय गळाले. दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्या फुगलेल्या, डोळे अर्धेच उघडत होते, जणू कोणी रात्रभर रडवलंय. लाल नाही, चिपडं नाहीत, नुसती सूज. सासूबाई म्हणाल्या दिष्ट लागली, चवथीला एवढी माणसं आली, आणि मीठ-मिरच्या आणायला आत गेल्या. जाऊबाई म्हणाल्या डास चावला असणार. शेजारच्या आंटी म्हणाल्या डोळे आलेत, आईचं दूध दोन थेंब घाल, आमच्यात तेच करतात. माझी आई फोनवर म्हणाली एरंडेल लाव. सगळ्यांचं मन चांगलंच होतं, पण मला रडू यायला लागलं.

नवरा कुंडईला कंपनीत असतो, सकाळच्या शिफ्टला जाताना तो वाटेतल्या एका फार्मसीत थांबला, फोनवरचा फोटो दाखवला आणि डोळ्यांत घालायचे ड्रॉप्स घेऊन दिराच्या हाती घरी पाठवले. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही, फोटोवर औषध. मी पण घाबरलेली, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला सुद्धा. नंतर कळलं त्यात अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड दोन्ही एकत्र होतं. ही चूक आमची आणि त्या दुकानदाराची, दोघांची, आणि ती लपवून हा रिव्ह्यू लिहिण्यात अर्थ नाही.

क्लिनिकला साडेआठला पोचले, टोकन ११. वर चढल्यावर पहिली गोष्ट मला आवडली ती म्हणजे ताप आणि पुरळवाल्या मुलांसाठी बाहेर गॅलरीत वेगळा बाक आहे, आतल्या खोलीत फक्त लस घ्यायला आलेली तान्ही बाळं. कंपाउंडरताईने हिला बघितलं आणि सरळ गॅलरीत बसवलं, मला क्षणभर वाईट वाटलं पण बरोबरच होतं ते. आणि वेटिंगमध्ये एकही खेळणं नाही. मी आधी इतर ठिकाणी बघितलंय, बॉल, टेडी, ब्लॉक्स, सगळी आजारी मुलं तेच तोंडात घालतात. इथे मुद्दाम ठेवत नाहीत, घरून आणा म्हणतात. वजन आणि ताप ताईनेच घेतला, वजन ९ किलो २०० ग्रॅम, ताप १०३.२, तिथेच फाइलवर लिहिलं, लगेच घरातल्या बाटलीचं नाव विचारलं आणि औषध पाजलं.

आत गेल्यावर मॅडम पहिलं वाक्य बोलल्या ते, "कितें जालां गो बायेक?" आणि मग मला मराठीत सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. मध्ये तोडलं नाही. ताप कधी आला, आधी सूज की आधी ताप, सूज सकाळी जास्त की दिवसभर सारखीच, एक डोळा की दोन्ही, लघवी किती वेळा, फेस येतो का, पाय सुजलेत का, घरात कोणाला ओठावर फोड आलेत का, कोणाचे डोळे आलेत का, लसीचं कार्ड. आणि ड्रॉप्स काय घातले ते दाखव. मी बाटली काढली, त्यांनी नाव वाचलं, ओरडल्या नाहीत, फक्त बाजूला ठेवली आणि म्हणाल्या हे आता घालू नको, का ते सांगते.

मग तपासलं, आणि हे मी मनापासून सांगते, असं तपासणं मी बघितलं नव्हतं. आधी हिला माझ्या मांडीवरच ठेवून टॉर्च हलवून बघितलं, डोळे सगळीकडे फिरतात का, डोळा पुढे आलाय का. पापणीला हळूच बोट लावलं, गरम आहे का, दुखतंय का. पापणीवर बारीक पाण्याचे फोड आहेत का ते भिंगाने बघितलं. कानाच्या पुढे, मानेत, मानेच्या मागे गाठी चाचपल्या. पोट दाबून डाव्या बाजूला प्लीहा लागते का बघितली. कान बघितले. शेवटी घसा, कारण त्यावर मूल रडतंच, आणि घशात पडजिभेच्या आजूबाजूला लाल ठिपके दिसले ते मला पण वाकून बघायला लावले. ह्या ठिपक्यांना नागायामा असं जपानी नाव आहे म्हणाल्या.

त्यानंतर लघवी. दोन्ही पापण्या सुजलेलं मूल आलं की मी लघवी बघितल्याशिवाय सोडत नाही, हे त्यांचं वाक्य. छोटी चिकटवायची पिशवी लावली, मी गॅलरीत तिला पाणी पाजत बसले, अर्ध्या तासाने झालं एकदाचं, पट्टी बुडवली आणि प्रोटीन निल. त्याच पट्टीवर लघवीतलं इन्फेक्शनही बघितलं, तेही नाही. मला तेव्हा कळलं नव्हतं एवढं का, मग त्यांनी सांगितलं की किडनीतून प्रोटीन जायला लागलं तर त्याची सुरुवात अशीच पापण्यांपासून होते, सकाळी उठल्यावर जास्त, संध्याकाळपर्यंत कमी, ताप नसतो, खाज नसते, मग पाय आणि पोट सुजतं. आणि अशी मुलं कधीकधी कितीतरी दिवस ॲलर्जी म्हणून डोळ्यांचे ड्रॉप्स घालत फिरत असतात. साध्या पट्टीने कळणारी गोष्ट. हे वाचणाऱ्या प्रत्येक आईने लक्षात ठेवावं म्हणून मुद्दाम लिहिलंय.

मग निदान. त्या म्हणाल्या डोळ्यांना काही झालेलं नाही, डोळा स्वच्छ आहे, सूज फक्त पापणीला आहे, आणि हे बहुतेक व्हायरल आहे. अंगावरची सगळ्यात पातळ कातडी पापणीची असते आणि तिच्या खालचा भाग सैल असतो, म्हणून अंगात कुठेही थोडं पाणी धरलं की ते तिथे आधी दिसतं, रात्रभर आडवं झोपल्यावर अजून दिसतं. या वयात, इतका चढा ताप, तरी मूल तरतरीत, पापण्या जड आणि घशात ते ठिपके, हे सगळं एकत्र बघून त्यांना रोझिओला वाटत होता. सहा महिने ते दोन वर्षं हे त्याचं वय, ताप तीन ते पाच दिवस, आणि मग ताप एकदम जातो आणि तो गेल्यावर अंगावर गुलाबी पुरळ येतं. "पुरळ आलं की समज मी बरोबर होते, नाही आलं तर परत ये, मग मी दुसरं शोधते." कुठला डॉक्टर असं स्वतःहून सांगतो?

मी विचारलं व्हायरस कुठला. तर ह्युमन हर्पिस व्हायरस ६. हर्पिस ऐकून मी परत घाबरले, त्यांनी लगेच सांगितलं की कुटुंब तेच पण ओठांवर फोड येतात तो भाऊ वेगळा. हा व्हायरस १९८६ मध्ये सापडला आणि याच्यामुळे रोझिओला होतो हे १९८८ मध्ये जपानमध्ये कळलं, त्याआधी डॉक्टरांना आजार माहीत होता, कारण माहीत नव्हतं. आणि तो ओठांवर फोडवाला भाऊ जर खरंच डोळ्यात असला आणि वर स्टेरॉइडचे थेंब पडले तर बुबुळाला जखम वाढून कायमचा डाग राहू शकतो, म्हणून फोटो बघून ड्रॉप्स घ्यायचे नाहीत. एका थेंबाने काही झालं नाहीये, भियेनाका, पण परत नको. तेवढंच बोलल्या आणि मला ते आयुष्यभर पुरेल.

आणखी एक व्हायरस त्यांनी सांगितला, ईबीव्ही म्हणजे एपस्टीन-बार, त्यातही दोन्ही वरच्या पापण्या सुजतात, बरोबर घसा पांढरा, मानेत मोठ्या गाठी, प्लीहा वाढलेली. म्हणून पोट दाबून बघितलं होतं. त्यात अमॉक्सिसिलीन दिलं तर अंगभर लाल पुरळ उठू शकतं आणि घरचे म्हणतात औषधाची ॲलर्जी आहे, मग आयुष्यभर फाइलवर तसं लिहून राहतं.

औषध काय दिलं तर पॅरासिटामॉल. बस. अँटिबायोटिक नाही, ड्रॉप्स नाहीत, टॉनिक नाही. मी खरं सांगते मला तेव्हा थोडं कमी वाटलं, चारशे रुपये फी देऊन घरात होतं तेच औषध. पण डोस बघितला तर आम्हीच चुकत होतो. आमच्याकडे १२० ची बाटली (म्हणजे पाच एमएलमध्ये १२० मिलिग्रॅम) आणि जाऊबाईंकडे २५० ची, मी त्यांना विचारून त्यांच्या मापाने अडीच एमएल देत होते, म्हणजे जवळजवळ निम्माच डोस जात होता, मग ताप कसा उतरणार. मॅडमनी किलोला १५ मिलिग्रॅम धरून, आमच्या बाटलीप्रमाणे किती एमएल ते सिरिंजवर पेनाने खूण करून दिली. सहा तासांनी, आणि ताप नसेल तर नाही. ॲस्पिरिन घरात असेल तर मुलांपासून लांब. गार पाण्याने पुसायचं नाही, कोमट. पेज, नारळपाणी, अंगावरचं दूध, जे घेईल ते, जेवणासाठी मागे लागू नको. पापण्यांवर स्वच्छ मऊ फडकं पाण्यात पिळून ठेवलं तर चालेल, एरंडेल, काजळ, हळद, दूध यातलं काहीही डोळ्यात नाही. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, त्यांना म्हणाल्या दिष्ट काढा हो, पण मिरच्यांचा धूर बाळाच्या डोळ्यांजवळ नको. सासूबाईंना ते पटलं, आणि आमच्या घरातला एक वाद तिथेच संपला.

नंतर त्यांनी जे दहा मिनिटं घेतली त्यासाठी मी पाच स्टार देईन. या आजारात ताप भराभर चढतो म्हणून काही मुलांना झटका येतो. आला तर काय करायचं ते त्यांनी हिच्या बाहुलीवर करून दाखवलं. कुशीवर झोपवायचं, तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालायचं नाही, कांदा नाही, चप्पल नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८, आणि कमी वेळात थांबलं तरी त्याच दिवशी दाखवायचं. आमच्या घरात कोणालाही हे माहीत नव्हतं, कांद्याचं मात्र सगळ्यांना माहीत होतं.

आणि पापणीचं कधी धावत यायचं तेही. एकच डोळा सुजला, लाल आणि गरम आहे, हात लावू देत नाही, तर ते व्हायरल नसून कातडीखालचं बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी दाखवायचं. डोळा पुढे आलाय, फिरवताना दुखतो किंवा फिरतच नाही, नीट दिसत नाहीसं वाटतंय, मूल मलूल पडलंय, तर क्लिनिकची वाट बघायची नाही, सरळ बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला. पावसाळा आहे म्हणून डेंग्यूचंही डोक्यात आहे, पाचव्या दिवसापर्यंत ताप गेला नाही किंवा त्याआधी मूल सुस्त झालं, लघवी कमी झाली, तर रक्त तपासायचं. आज सुई नको.

चौथा दिवस वाईट गेला. रात्री १०३.६, पापण्या सकाळी तशाच. झटका आला नाही. मी रात्रभर घड्याळ आणि तिचा श्वास बघत बसले. पाचव्या दिवशी पहाटे अंग गार, घाम, ताप ९८. मला वाटलं मीटर बिघडला, तीनदा लावला. दुपारी आंघोळ घालताना पोटावर पाठीवर गुलाबी ठिपके, बोटाने दाबले की फिके पडणारे, संध्याकाळपर्यंत मानेपर्यंत आले, खाज नाही काही नाही, आणि पापण्या उतरायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या गोवर. मी पहिल्यांदाच आत्मविश्वासाने म्हटलं, आई, गोवरात ताप असतानाच पुरळ येतं, चेहऱ्यावरून, कानामागून खाली उतरतं, खोकला आणि लाल डोळे असतात, आणि हिची गोवराची लस झालीये. इथे ताप गेला आणि मग पोटावर आलं. मॅडमना फोटो पाठवला, त्यांनी उद्या दाखवून जा एवढंच लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी बघून म्हणाल्या झालं, आता हिला पोटभर जेवू घाल. दोन दिवसांत पुरळ गेलं, डाग नाही.

त्या दिवशी मी त्यांना मनातलं विचारलं. चवथीला एवढ्या लोकांनी पापे घेतले, मी अडवलं नाही, माझ्यामुळे झालं का? मॅडम म्हणाल्या, हा व्हायरस लाळेतून पसरतो, आणि लहानपणी होऊन गेलेल्या मोठ्या माणसांच्या लाळेतही अधूनमधून येत राहतो, त्यांना कळतही नाही. तो तुझ्याकडूनही आला असेल, आजीकडूनही. दोन वर्षांची होईपर्यंत बहुतेक सगळ्या मुलांना होऊन जातो, कितीकांना नुसता तापच येतो आणि कोणाला कळतही नाही. कोणाचा दोष नाही. हे त्या सासूबाईंसमोर बोलल्या, आणि घरी परत येताना रिक्षात सासूबाईंनी हिला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि माझ्या हातावर हात ठेवला. औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहून मिळत नाही.

तीन आठवड्यांनी जाऊबाईंचा मुलगा, पाच वर्षांचा, त्याला घेऊन परत गेलो. ते मात्र खरोखर डोळे येणं होतं. ताप, घसा लाल, एक डोळा लाल, पापणी सुजून बंद, पाणी गळतंय, दोन दिवसांनी दुसरा. कानाच्या पुढे वाटाण्याएवढी गाठ. ॲडिनोव्हायरस म्हणाल्या. २०२३ च्या पावसाळ्यात देशभर डोळ्यांची साथ आली होती ती आठवत असेल सगळ्यांना, तेव्हा घराघरात काळे गॉगल होते. यालाही अँटिबायोटिक लागू नाही, गार पट्टी आणि साधे अश्रूंसारखे ड्रॉप्स, दहा ते चौदा दिवस लागतात, मध्ये आधी वाढल्यासारखं वाटतं. टॉवेल, उशी वेगळी. आणि एक गोष्ट मला माहीत नव्हती, या व्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा नाही, साबण आणि पाण्यानेच हात धुवायचे, दाराच्या कड्या, रिमोट पुसायचे, कारण तो वस्तूंवर बरेच दिवस टिकतो. आम्ही साबणाची वडी पडवीतच ठेवली. घरात बाकी कोणाला झालं नाही.

आता जे खटकलं ते. फोनवर अपॉइंटमेंट नाही, टोकन प्रत्यक्ष जाऊनच घ्यावं लागतं, डिचोली-वाळपईहून येणाऱ्या माणसाने काय करावं? दुसऱ्या वेळेला आम्हाला पावणेदोन तास बसावं लागलं. मॅडम प्रत्येकाला वेळ देतात त्यामुळे होतं ते कळतं, पण गॅलरीत पंखा एकच आणि तो मुलांपर्यंत पोचत नाही. एक वाजल्यानंतर फोन कोणी उचलत नाही. धोक्याच्या खुणांचा छापील कागद देतात तो फक्त इंग्रजीत आहे, सासूबाईंना वाचता येत नाही आणि दिवसभर बाळ त्यांच्याकडेच असतं. मी हे बोलले, तर मॅडमनी त्याच कागदाच्या मागे देवनागरीत हाताने सगळं लिहून दिलं, आमच्या फ्रिजवर अजून आहे, पण प्रत्येकाला कुठे हाताने लिहीत बसणार, छापूनच घ्यावा. अर्धा मार्क यासाठी कापलाय.

जाणाऱ्यांसाठी एवढंच, सोमवारी गर्दी फार असते, बुधवारी बरं. घरात चालू असलेल्या औषधांच्या बाटल्या सगळ्या पिशवीत घालून न्या, फोटो नको, बाटलीच. लसीचं कार्ड न्या. मूल सकाळी उठल्या उठल्या पापण्यांचा फोटो काढून ठेवा, कारण क्लिनिकला पोचेपर्यंत सूज उतरलेली असते आणि मग सांगूनही डॉक्टरांना दिसत नाही, मॅडमनी तो फोटो खूप वेळ बघितला होता. जीपे चालतं. लिफ्ट नाही, आणि पावसात जिन्याच्या खालच्या तीन पायऱ्यांवर पाणी येतं, बाळ कडेवर असेल तर डाव्या बाजूचा कठडा धरून चढा.